पालक एकच, स्वयंपाक दोन: जपानी आणि कोरियन पदार्थ घरी करताना

जपानी आणि कोरियन जेवणातला फरक समजून घ्यायला सुशी किंवा किमचीपासून सुरुवात करायची गरज नाही. पालकाची एक जुडी पुरते. दोन्ही देशांत पालकाचं साधं तोंडीलावणं रोजच्या जेवणात असतं. दोन्हीकडे पालक उकळत्या पाण्यातून काढतात, थंड पाण्यात टाकतात आणि घट्ट पिळतात. इथपर्यंत कृती सारखी आहे. फरक त्यानंतर सुरू होतो.

साधारण २५० ग्रॅम पालक स्वच्छ धुऊन घ्या. दोन लिटर पाण्याला खळखळून उकळी आली की त्यात छोटा चमचाभर मीठ घाला. आधी फक्त देठ १५ सेकंद बुडवा, मग पानंही आत ढकलून आणखी २० सेकंद ठेवा. लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, पिळा, चार-चार सेंटिमीटरचे तुकडे करा आणि दोन वाटे करा.

पहिल्या वाट्यात लसणीची एक छोटी पाकळी ठेचून घाला. त्यावर एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा भाजलेल्या तिळाचं तेल आणि एक छोटा चमचा भाजलेले तीळ घालून बोटांनी चोळून कालवा. हा झाला कोरियन सिगुमची नामुल (नामुल म्हणजे मसाला चोळलेली भाजी). दुसऱ्या वाट्यासाठी १२० मिली दाशी (समुद्री वनस्पती आणि सुक्या माशाचा जपानी रस, कृती पुढे आहे), एक मोठा चमचा सोया सॉस आणि एक मोठा चमचा मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू) एकत्र करून एक उकळी काढा आणि पूर्ण गार करा. त्यातलं थोडं पालकावर ओतून पालक पुन्हा पिळा, म्हणजे आतलं उरलेलं पाणी निघून जाईल. मग उरलेल्या रसात पालक अर्धा तास बुडवून ठेवा. वाढताना वरून कात्सुओबुशीचे, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे, पातळ काप टाका. ही जपानी ओहिताशी.

दोन्ही शेजारी ठेवून खा. कोरियन स्वयंपाकात चव पदार्थाला चोळून आत घातली जाते. लसूण, तेल, तीळ सगळं पहिल्या घासातच कळतं. जपानी स्वयंपाकात चव आधी पाण्यात बांधतात आणि पदार्थ त्यात मुरवतात. पालक पालकासारखाच लागतो, मागून समुद्राची चव येते. चव कुठे आणि कधी घालायची या एका प्रश्नाची दोन उत्तरं पुढच्या जवळपास प्रत्येक जोडीत दिसतील. कोरियन तिखट आणि जपानी सौम्य, एवढ्यावर हा विषय सोडला तर कोरियातले कितीतरी बिनतिखट पदार्थ हिशेबाबाहेर राहतात. मिरची तर कोरियात पोहोचली तीच सोळाव्या शतकाच्या सुमाराला, अमेरिका खंडातून फिरत फिरत. तिच्या आधीही तिथला स्वयंपाक कोरियनच होता.

(या लेखात सगळीकडे मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली.)

सामान घेताना होणाऱ्या चुका

बिघडलेल्या पदार्थाचं मूळ बहुतेक वेळा हाताच्या कौशल्यात नसतं, बाटलीत असतं.

सोया सॉस: चायनीजच्या गाडीवर वापरतात तो काळाकुट्ट सॉस इथे चालत नाही. त्यात अनेकदा रंगासाठी कॅरमल घातलेलं असतं. त्याने ओहिताशी काळी पडते आणि चव करपट येते. बाटलीच्या मागे पाणी, सोयाबीन, गहू, मीठ आणि फार तर थोडं अल्कोहोल एवढंच लिहिलेलं असेल ती घ्या. कोरियात सूप आणि नामुलसाठी गुक-गांजांग नावाचा फिकट पण जास्त खारट सोया सॉस वेगळा ठेवतात. सुरुवातीला एकाच चांगल्या जपानी बाटलीवर दोन्हीकडचं काम भागतं.

तिळाचं तेल: आपल्याकडचं पिवळसर तिळाचं तेल कच्च्या तिळांचं असतं. कोरियन चामगिरुम भाजलेल्या तिळांचं, तपकिरी आणि उग्र सुवासाचं असतं. ते नसेल तर साधं तेल घाला आणि तीळ खरपूस भाजून, भरड कुटून, दुप्पट वापरा. हे तेल फोडणीसाठी नाही. जास्त तापलं की कडवट होतं, म्हणून शेवटी घालायचं.

तांदूळ: दोन्हीकडे आखूड, जाडसर जपोनिका तांदूळ लागतो. बासमती किंवा कोलमात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त असतं, त्यामुळे दाणे सुटे राहतात आणि रोल कापताच उसवतो. महाराष्ट्रात मिळणाऱ्यांपैकी इंद्रायणी जवळचा आहे. किमबाप (शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला कोरियन भात) आणि वाडग्यातल्या भातांना तो उत्तम चालतो. सुशीला मात्र त्याचा सुगंध व्हिनेगरशी भांडतो. तिथे जपोनिकाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. जपोनिकाच्या एका मापाला पाणी १.१ माप. इंद्रायणीला सव्वा मापापासून सुरुवात करा. तांदूळ नवा असेल तर त्याहून थोडं कमी.

मिरची: कोरियन गोचुगारू बिया काढलेल्या, उन्हात वाळवलेल्या मिरचीची भरड असते. रंग गडद, तिखटपणा बेताचा, चव किंचित गोडसर. ब्याडगी मिरचीच्या बिया आणि शिरा काढून, उन्हं दाखवून मिक्सरमध्ये थांबत थांबत भरड केली तर काम होतं. बारीक दळलेलं तिखट घेतलं तर ते पाणी शोषून चिखल करतं. घ्यायचंच झालं तर सांगितल्याच्या दोन तृतीयांश घ्या.

गोचुजांग या मिरचीच्या आंबवलेल्या कोरियन पेस्टला पर्याय नाही. मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, सातूचं माल्ट आणि मीठ महिनोन्‌महिने मुरून ती चव तयार होते. शेजवान सॉसमध्ये व्हिनेगर आणि लसूण पुढे येते, आंबवणुकीची खोली नसते. मिरिन मिळाली नाही तर एक मोठा चमचा पाणी आणि एक छोटा चमचा साखर घ्या. चकाकी थोडी कमी येईल इतकंच. तांदळाच्या व्हिनेगरऐवजी साधं पांढरं व्हिनेगर वापरताना दोन भाग व्हिनेगरला एक भाग पाणी मिसळा.

पाया: दोन रस

दाशीला एक लिटर पाणी, १० ग्रॅम कोंबू आणि २० ग्रॅम कात्सुओबुशी लागते. कोंबू ही समुद्री वनस्पतीची वाळवलेली जाड पट्टी. तिच्यावरची पांढरी भुकटी चवीचाच भाग आहे, म्हणून ती धुऊ नका, ओलसर फडक्याने अलगद पुसा. गार पाण्यात अर्धा तास भिजू द्या, मग मंद आचेवर ठेवा. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले की, उकळी फुटण्याआधी, कोंबू बाहेर काढा. पाणी उकळीला आणून गॅस बंद करा, कात्सुओबुशी टाका, दीड-दोन मिनिटं थांबा आणि कापडातून गाळा. कापड पिळू नका. पिळलं की रस गढूळ होतो आणि माशाचा हिवस वास येतो.

१९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा यांनी कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं करून या चवीला उमामी हे नाव दिलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसती जोडली जात नाही, कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच दाशीत दोन्ही हवेत. शाकाहारी दाशीत माशाची जागा सुक्या शिताके अळंब्या घेतात: एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू आणि चार अळंब्या रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा, सकाळी गाळा. गरम पाण्यात घाईने भिजवल्या तर अळंब्यांची चव अर्धवट उतरते.

कोरियन रस वाळवलेल्या अँकोव्ही माशांचा, मेल्ची युक्सू. सव्वा लिटर पाण्याला २० ग्रॅम मोठ्या अँकोव्ही घ्या. प्रत्येकीचं डोकं आणि पोटातला काळा भाग काढून टाका, कडवटपणा तिथेच असतो. मग कोरड्या भांड्यात मंद आचेवर दोन मिनिटं भाजा. सुकट किंवा सुके बोंबील भाजूनच कालवणात घालणाऱ्या कोकणातल्या घरांना याचं कारण वेगळं सांगायला नको: हिवस वास उडतो, खमंगपणा येतो. पाणी आणि १० ग्रॅम कोंबू (कोरियात दासिमा) घालून उकळा. उकळीनंतर सात-आठ मिनिटांनी दासिमा काढा, नाहीतर रस बुळबुळीत होतो. मासे १५ मिनिटं उकळून मग गाळा. शाकाहारी रस हवा असेल तर माशांऐवजी २०० ग्रॅम मुळ्याचे तुकडे आणि तीन शिताके घाला.

एकच समुद्री पट्टी जपानी माणूस उकळीआधी बाहेर काढतो आणि कोरियन माणूस उकळू देतो. जपानी रस नाजूक राहिला पाहिजे, कारण त्यात पुढे फारसं काही पडणार नाही. कोरियन रसाला लसूण, मिरची आणि आंबवलेल्या पेस्टचं ओझं पेलायचं असतं.

मिसो सूप आणि द्वेन्जांग जिगे

मिसो आणि द्वेन्जांग दोन्ही सोयाबीनच्या पेस्ट. दिसायला इतक्या सारख्या की एकीच्या जागी दुसरी वापरण्याचा मोह होतो. करू नका. मिसोसाठी तांदळावर किंवा सातूवर कोजी नावाची निवडक बुरशी वाढवतात, मग ती शिजवलेल्या सोयाबीनमध्ये आणि मिठात मिसळतात. द्वेन्जांगसाठी नुसत्या सोयाबीनचे ठोकळे, मेजू, पेंढ्याने बांधून टांगतात आणि हवेतल्या-पेंढ्यातल्या बुरश्या नि जिवाणू त्यावर आपोआप वाढू देतात. मग ते मिठाच्या पाण्यात काही आठवडे ठेवतात. पाणी निथळून त्याचा सोया सॉस होतो, उरलेला गाळा आणखी मुरवून द्वेन्जांग. त्यामुळे मिसो गोडसर आणि सुवासिक, द्वेन्जांग रांगडा आणि उग्र.

चौघांच्या मिसो सूपला ८०० मिली दाशी, चार सपाट मोठे चमचे मिसो, १५० ग्रॅम मऊ टोफू आणि एक मोठा चमचा सुकं वाकामे शेवाळ. वाकामे पाण्यात प्रचंड फुगतं. मूठभर टाकलं तर सूपच उरणार नाही. ते पाच मिनिटं भिजवून पिळा. दाशी गरम करून टोफूचे एक सेंटिमीटरचे तुकडे दोन मिनिटं शिजू द्या. गॅस बंद करा. मिसो गाळणीत घेऊन गाळणी रसात अर्धी बुडवा आणि चमच्याने घासून विरघळवा, गुठळी राहत नाही. वाकामे घाला, लगेच वाढा. मिसो घातल्यावर उकळलं तर सुवास उडतो, चव सपाट होते. क्योतोचा पांढरा मिसो कमी खारट असतो, तो दीडपट लागतो.

तिघांच्या जिगेला (जिगे म्हणजे कोरियन दाटसर रस्सा) ५०० मिली मेल्ची रस किंवा तांदळाचं दुसरं धुवण घ्या. धुवणातल्या पिठाने जिगेला दाटपणा येतो, कोरियन घरांत ते मुद्दाम ठेवतात. त्यात अडीच मोठे चमचे द्वेन्जांग आणि एक छोटा चमचा गोचुजांग कालवून एका बटाट्याच्या फोडींसह पाच मिनिटं उकळा. मग अर्धा कांदा, एक वाटी झुकिनी (कोवळा दुधी चालतो) आणि ठेचलेल्या लसणीच्या तीन पाकळ्या घालून आणखी पाच मिनिटं. शेवटी २०० ग्रॅम टोफू आणि एक हिरवी मिरची घालून तीन मिनिटं. इथे उकळणं आवश्यक आहे. द्वेन्जांग नीट शिजला नाही तर उग्र वास तसाच राहतो. उकळत्या भांड्यासकट वाढतात आणि भाताबरोबर खातात. मिसो सूप वाडगा तोंडाला लावून पितात. जिगे चमच्याने खायची. कोरियात भातसुद्धा चमच्याने खातात आणि वाडगा टेबलावरून उचलत नाहीत, जपानमध्ये उचलणं हाच शिष्टाचार.

नोरिमाकी आणि किमबाप

शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला भात, एवढं साम्य पाहून किमबापला कोरियन सुशी म्हणतात. पण भाताची चव घेतली की तो समज राहत नाही.

दोन्हीसाठी ३०० ग्रॅम तांदूळ पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत हलक्या हाताने चार-पाच वेळा धुवा, अर्धा तास भिजवून निथळा. जाड बुडाच्या पातेल्यात मापाने पाणी घालून झाकण लावा. मोठ्या आचेवर उकळी, मग अगदी मंद आचेवर १२ मिनिटं, मग गॅस बंद करून १० मिनिटं. मध्ये झाकण उघडू नका.

सुशीच्या भातासाठी ४५ मिली तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ किंचित गरम करून विरघळवा. भात गरम असतानाच पसरट परातीत काढा, हे मिश्रण शिंपडा आणि उलथन्याच्या कडेने कापल्यासारखा हलवा. घोटलात तर पिठूळ होतो. हलवताना पंख्याने वारा घाला, दाण्यांवर चकाकी येते. अंगाइतका कोमट झाला की ओल्या फडक्याने झाका. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत स्टार्च पुन्हा बांधला जाऊन दाणे कडक होतात.

किमबापच्या भातात व्हिनेगर नाही. तेवढ्याच गरम भातात एक मोठा चमचा भाजलेल्या तिळाचं तेल, अर्धा छोटा चमचा मीठ आणि थोडे तीळ. बस.

आता सारण. नोरिमाकीत चव भातात असते, म्हणून सारण एखादंच आणि साधं: काकडीची एक लांब फोड पुरते. किमबापमध्ये पाच-सहा गोष्टी आणि प्रत्येकीला स्वतंत्र चव दिलेली: गाजराचे काप मीठ घालून तेलावर परतलेले, वर सांगितलेलं पालकाचं नामुल, अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या, मुळ्याचं पिवळं लोणचं (दानमुजी), आणि मांस किंवा सोया सॉसमध्ये परतलेल्या अळंब्या. ओल्या भाज्या घट्ट पिळलेल्या हव्यात. किमबाप फुटण्याचं सर्वांत सामान्य कारण पालकाचं पाणी आहे.

गुंडाळताना शेवाळाची चकचकीत बाजू खाली. ओल्या हाताने भात पातळ पसरा, दाणे एकेरी थरात दिसले पाहिजेत. जाड थर लावला की रोल मिटत नाही. वरच्या कडेला किमबापला चार आणि नोरिमाकीला दीड सेंटिमीटर जागा रिकामी सोडा. सारण तळहातांनी दाबून धरत बांबूच्या चटईने एका दमात गुंडाळा, कड खाली करून दोन मिनिटं ठेवा. किमबापला वरून तेलाचा हात फिरवा. सुरी प्रत्येक कापाआधी ओल्या फडक्याने पुसा. किमबाप दीड सेंटिमीटर जाडीचा, सॉसशिवाय खायचा.

कच्च्या माशाबद्दल ठामपणे सांगायला हवं: मंडईतला ताजा फडफडीत मासाही घरी कच्चा खाण्याजोगा नसतो. अनिसाकिस या कृमीच्या अळ्या मारण्यासाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो आणि घरातला फ्रीझर बहुधा उणे १८ च्या आसपासच असतो. शिवाय गोठवण्याने सगळे जिवाणू मरत नाहीत. गोड्या पाण्यातला मासा तर कच्चा मुळीच नको. उकडलेली कोळंबी, अंड्याची पोळी, काकडी, अवोकॅडो यांची सुशी जपानमध्येही सुशीच असते. कच्च्या माशातही दोन्ही देशांची आवड वेगळी आहे. जपानी साशिमीत मासा अनेकदा थोडा मुरवून मऊ होऊ देतात आणि सोया सॉस-वासाबीशी खातात. कोरियन ह्वे बहुतेक जिवंत माशाची लगेच कापलेली, दाताखाली चिवट लागणारी. ती गोचुजांग-व्हिनेगरच्या चटणीत बुडवून, लसणीच्या कापासह पानात गुंडाळून खातात.

भातावरचा वाडगा: ओयाकोदोन आणि बिबिमबाप

एका माणसाच्या ओयाकोदोनला ८० मिली दाशी, एक-एक मोठा चमचा सोया सॉस आणि मिरिन, एक छोटा चमचा साखर. लहान तव्यात पाव कांद्याच्या पातळ कापांसह उकळा. कोंबडीच्या तंगडीच्या १२० ग्रॅम मांसाचे लहान तुकडे घालून चार-पाच मिनिटं शिजवा. दोन अंडी काट्याने फक्त सात-आठ वेळा मोडा, पांढरं-पिवळं वेगळं दिसलं पाहिजे. दोन तृतीयांश अंडं कडेने गोल ओता, अर्धवट बसलं की उरलेलं मध्ये ओतून अर्धा मिनिट झाकण ठेवा. जपानमध्ये अंडं ओलसर ठेवतात, कारण तिथली अंडी कच्ची खाण्याच्या हिशेबाने हाताळलेली असतात. आपल्याकडे आणखी एक मिनिट देऊन पूर्ण बसू द्या. हलक्या हाताने भातावर सरकवा. हा वाडगा कालवत नाहीत. वरचा रस आपोआप खाली झिरपतो, प्रत्येक घासात भाताचा थोडा कोरा भाग राहतो.

बिबिमबाप कालवल्याशिवाय पूर्णच होत नाही. दोघांसाठी पालकाचं नामुल, लांब मोडांचे मूग (एक मिनिट उकळून, मीठ-तेल-तीळ लावून), परतलेलं गाजर, परतलेल्या अळंब्या, मीठ लावून पिळलेली काकडी आणि प्रत्येकी एक तळलेलं अंडं. चटणीला दोन मोठे चमचे गोचुजांग, एक मोठा चमचा तिळाचं तेल, एक मोठा चमचा पाणी, एक-एक छोटा चमचा साखर आणि व्हिनेगर. भाज्या एकत्र परतून वेळ वाचवू नका. वेगवेगळ्या शिजवल्या तरच कालवल्यावरही त्या वेगवेगळ्या ओळखू येतात. दगडी भांड्यातला प्रकार हवा असेल तर बिडाच्या कढईला तिळाचं तेल लावा, भात दाबून पसरा, वर भाज्या रचा आणि मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं, तळाशी तडतड ऐकू येईपर्यंत ठेवा. ती खरपूस खरवड हाच त्याचा मुख्य आनंद.

मांस: आधी की शेवटी

तेरियाकीत कोंबडी नुसती मीठ लावून भाजतात आणि चव शेवटी चढवतात. हाडं काढलेल्या दोन तंगड्या (४०० ग्रॅम) कातडीची बाजू खाली करून मध्यम आचेवर सात मिनिटं, उलटून चार मिनिटं भाजा. सुटलेली चरबी कागदाने टिपून घ्या. ती राहिली तर सॉस चिकटत नाही. दोन-दोन मोठे चमचे सोया सॉस, मिरिन, साके (जपानी तांदळाची दारू) आणि एक मोठा चमचा साखर ओतून, बुडबुडे मोठे आणि चकचकीत होईपर्यंत आटवा.

बुलगोगीत चव आधी. ५०० ग्रॅम मांस फ्रीझरमध्ये तासभर ठेवून अर्धवट गोठवा, मग तीन मिलिमीटर जाडीचे काप सहज निघतात. कोरियात हे बहुतेक गोमांस असतं. कोंबडीला आणि डुकराच्या मांसालाही हेच मिश्रण चालतं. चार मोठे चमचे सोया सॉस, दीड मोठा चमचा साखर, अर्धं किसलेलं नाशपाती, एक-एक मोठा चमचा ठेचलेली लसूण आणि तिळाचं तेल, मिरपूड. एक तास मुरवा. नाशपाती मांस हळुवार मऊ करते. तिच्याजागी कच्ची पपई घेतली तर अर्धा छोटा चमचाच, आणि २० मिनिटंच, नाहीतर मांसाचा लगदा होतो. तवा धूर येईपर्यंत तापवून थोडे-थोडे काप टाका. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटून मांस शिजतं, भाजलं जात नाही.

नूडल्स आणि तांदळाच्या कांड्या

जपानी रामेन म्हणजे क्षारयुक्त पाण्यात मळलेल्या ताज्या नूडल्स आणि तासन्‌तास उकळलेला रस. साप्पोरोत मिसोचा, हाकातात डुकराच्या हाडांचा. कोरियन राम्यन म्हणजे पाकिटातल्या, तळून वाळवलेल्या नूडल्स. झटपट नूडल्स १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी बाजारात आणल्या, १९६३ मध्ये त्या कोरियात बनू लागल्या आणि तिथे त्यांचा स्वतंत्र पदार्थ झाला. घरी राम्यनच करा. पाणी मोजून घ्या, सहसा पाकिटामागे ५५० मिली. शिजताना नूडल्स चिमट्याने तीन-चारदा हवेत उचला, लवचीक राहतात.

तोकबोकीत (तांदळाच्या कांड्यांचा तिखट कोरियन पदार्थ) एकच मोठी चूक होते: जपानी मोची वापरण्याची. मोची चिकट तांदळाची, उकळत्या रसात विरघळते. कोरियन गारेतोक साध्या तांदळाचे, चिवट राहतात. ४०० ग्रॅम तोक (गोठलेले असतील तर २० मिनिटं पाण्यात भिजवून), ५०० मिली मेल्ची रस, तीन मोठे चमचे गोचुजांग, एक मोठा चमचा गोचुगारू, दीड मोठा चमचा साखर, एक मोठा चमचा सोया सॉस. १०-१२ मिनिटं ढवळत उकळा. गार झाल्यावर रस आणखी आळतो, म्हणून थोडा पातळ असतानाच उतरवा.

किमची

सगळ्यांत जास्त विचारलं जाणारं आणि सगळ्यांत जास्त बिघडणारं. जपानी असाझुके आधी करून पाहा: ५०० ग्रॅम नापा कोबी (लांबट चिनी कोबी) चिरून १० ग्रॅम मीठ आणि कोंबूची एक पट्टी घालून वजनाखाली तीन तास ठेवा, पिळा, खा. मीठ एवढंच काम, कोबी कोवळाच लागतो. किमचीत मीठ ही फक्त पहिली पायरी.

दोन किलो नापा कोबीचा बुंधा अर्धा चिरून, पुढचा भाग हाताने फाडून चार भाग करा. सगळ्या पानांना पाणी लागू द्या. २०० ग्रॅम जाडं मीठ पानांच्या मध्ये, पांढऱ्या जाड देठांवर जास्त, असं भुरभुरा. सहा ते आठ तास ठेवा, दर दोन तासांनी खाली-वर करा. आपल्या उन्हाळ्यात पाच तासही पुरतात. देठ न मोडता दुमडला की झालं. मोडत असेल तर थांबा. अपुऱ्या मिठाच्या कोबीतून नंतर पाणी सुटतं, मसाला धुऊन जातो आणि किमची आंबट होण्याआधी मऊ पडते. तीनदा पाण्यातून खंगाळा, एक पान चाखा: नेहमीच्या जेवणापेक्षा थोडं जास्त खारट, पण खाता येण्याजोगं. उपडं ठेवून दोन तास निथळा.

दीड कप पाण्यात दोन मोठे चमचे चिकट तांदळाचं पीठ आणि एक मोठा चमचा साखर घालून खळ शिजवा, पूर्ण गार करा. यात १०० ग्रॅम गोचुगारू, ६० ग्रॅम लसूण, १० ग्रॅम आलं आणि अर्धा कांदा वाटून, ८० मिली फिश सॉस. अर्धा तास ठेवा म्हणजे मिरची फुगून रंग सोडते. ३०० ग्रॅम मुळ्याच्या बारीक पट्ट्या आणि सहा-सात कांद्याच्या पाती मिसळा. हातमोजे घालून प्रत्येक पानाला लावा.

फिश सॉसऐवजी ५० मिली सोया सॉस आणि ३० मिली कोंबूचं दाट पाणी घेऊन शाकाहारी किमची होते. कोरियातल्या बौद्ध मठांत तर लसूण-कांदाही न घालता किमची करतात. उपवासाला नाही पण बिनकांदा-लसणीच्या घरांत ती बिनदिक्कत करता येईल. आल्याचं प्रमाण दुप्पट करा.

बरणी चार पंचमांशच भरा, दाबून हवा काढा, झाकण सैल ठेवा. पहिल्या टप्प्यात ल्युकोनोस्टॉक जिवाणू वायू सोडतात, म्हणून रस वर चढतो आणि किमची जिभेवर चुरचुरते. २५ अंशांना साधारण एक दिवस बाहेर, मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात १२ तास पुरेत. बुडबुडे दिसले आणि वास आंबूस झाला की फ्रिजमध्ये. रोज स्वच्छ चमच्याने दाबून पानं रसाखाली ठेवा. वर सपाट पांढरी साय आली तर ते सहसा यीस्ट असतं, काढून टाका आणि किमची शिजवून वापरा. लोकरीसारखी किंवा रंगीत बुरशी दिसली तर पूर्ण बरणी फेकून द्या.

फ्रिजमध्ये आठवडाभराने ती भाताबरोबर खायला सर्वांत छान असते. तीन-चार आठवड्यांनी कच्ची खाणं जड जाईल इतकी आंबट झाली की जिगे करायची वेळ आली. ३०० ग्रॅम किमची चिरून १५० ग्रॅम डुकराच्या चरबीदार मांसाबरोबर (किंवा मोठ्या चमचाभर तेलावर अळंब्यांसह) पाच मिनिटं परता. किमचीचाच १०० मिली रस, ५०० मिली मेल्ची रस, एक छोटा चमचा साखर घालून २० मिनिटं उकळा, शेवटी २०० ग्रॅम टोफू. ताज्या किमचीची जिगे पाणचट लागते. घाई असेल आणि हाताशी ताजीच असेल तर जिगे दुसऱ्या दिवसावर ढकला आणि बरणी एक रात्र बाहेर काढून ठेवा.